विजेच्या गाडीचा मुऱ्हाळी

पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर एका हॉटेलाच्या आवारात, कडुलिंबाच्या झाडाखाली, एक चार्जर उभा आहे. माणसाच्या उंचीचा पांढरा डबा, त्याला जाडजूड काळी वायर, वर हिरव्या पानाचं चित्र. मोबाइलच्या ॲपमध्ये बघाल तर तिथे हिरवा ठिपका दिसतो. हिरवा ठिपका म्हणजे चार्जर चालू आहे, मोकळा आहे, या आणि गाडी लावा. त्या ठिपक्याला मी जेवढ्या शिव्या दिल्या आहेत तेवढ्या आयुष्यात कोणत्या माणसाला दिल्या नसतील. माणूस निदान खोटं बोलताना डोळे तरी चुकवतो.

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा किती मोठा होता ते नीट कळेल. मी जळगावला आयटीआयमध्ये तारतंत्री शिकवतो. म्हणजे वायरमनचा कोर्स. अर्थिंग कसं करायचं, कोणत्या वायरवर किती लोड टाकायचा, व्होल्टेज पडलं तर मोटर का जळते, हे मी गेली पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी विजेवरची गाडी घेतली तेव्हा साऱ्या स्टाफमध्ये माझी कॉलर ताठ होती. इतरांनी जाहिरात बघून गाडी घेतली असेल, मी विद्या होती म्हणून घेतली, असा माझा तोरा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा कुणी ऐकवली असती तर मी हसलो असतो.

गाडी वाईट नाही, हे मी आजही भांडून सांगेन. आवाज नाही, धूर नाही, गिअरची खडखड नाही. पायाखाली नुसतं दाबलं की निघाली. डिझेलच्या गाडीत बसलो की आता मला पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. मला राग आहे तो गाडीभोवती जी बनवाबनवी चालते तिचा. शोरूममधला मुलगा सांगतो, साहेब, एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर जाते. कुठे जाते रे बाबा? थंड हवेत, सपाट रस्त्यावर, एसी बंद ठेवून, एकटा माणूस बसवून जात असेल. आमच्या जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. एसी लावला की टक्के असे उतरतात की नळाची तोटी उघडी राहिल्यासारखं वाटतं. माझी गाडी उन्हाळ्यात दोनशे जाते. ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही, आणि घेतल्यावर सांगितलं तर त्याचा उपयोग नाही.

दुसरा राग शेजाऱ्यांचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगमध्ये माझ्या स्वतःच्या मीटरवरून एक पॉइंट घ्यायला मला सात महिने लागले. चेअरमनना कुणीतरी मोबाइलवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ पाठवला होता. वायर कशी टाकणार, एमसीबी कोणता, सगळं मी कागदावर काढून दिलं. मीटिंगमध्ये ज्यांच्या घरात गिझरची वायर उघडी लोंबतेय ते मला सुरक्षितता शिकवत होते. उंटावरून शेळ्या हाकणारे! आणि तिसरा राग पेट्रोलवाल्यांचा. ते भेटले की पहिला प्रश्न एकच, "मध्येच बंद पडली तर?" विचारताना डोळ्यांत अशी चमक, जणू ती बंद पडावी म्हणून नवस बोलून बसलेत. या लोकांसमोर मला हरायचं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यानेच झालं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. खानदेशात आखाजी दिवाळीच्या वरची. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. पण लेक स्वतःहून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, भाऊ नाहीतर बाप. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आणि आखाजीच्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, वर खरबूज आणि सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि दर बोटाला एकेका पितराचं नाव घ्यायचं. मग चुलीतल्या विस्तवावर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी पडेपर्यंत घरातलं मोठं माणूस जेवत नाही. हे सगळं दुपार कलायच्या आत व्हायला पाहिजे.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, धुळ्याच्या पुढे सोनगीरला दिली आहे. आमचं गाव बोदवडपासून थोडं आत. आमच्या जिल्ह्याच्या या टोकापासून पार शेजारच्या धुळे जिल्ह्यापर्यंतचं अंतर. तरी आबा, म्हणजे आमचे वडील, दरवर्षी तिला आणायला जायचे. आधी रेल्वेने जळगाव आणि पुढे एस.टी., नंतर नंतर गुडघे धरून दोन बसा बदलत. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांचं जाणं थांबलं. मग ते काम माझ्यावर आलं आणि मी ते मोबाइलवर उरकायला लागलो. "अक्का, एस.टी. आहे ना, बस आणि ये." पहिल्या वर्षी ती हसली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "भाऊ, फोनवर बोलावाले मी काय पाव्हनी शे का? मुराई धाड, मंग येसू." अक्काच्या सासरच्या बोलीत मुऱ्हाळीला मुराई म्हणतात. तीस वर्षांत तिची बोली पार सोनगीरची झाली आहे.

मी गेलो नाही. एकदा परीक्षा होत्या, एकदा ऊन फार होतं, एकदा नुसता कंटाळा. अक्का दिवाळीला यायची, लग्नाकार्याला यायची, पण आखाजीला अकरा वर्षं आली नाही. आबा आखाजीला दारातच बसून राहायचे. ते मला एका शब्दानेही कधी बोलले नाहीत, ते बरं म्हणायचं की वाईट, मला ठरवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. म्हणजे ही आखाजी त्यांच्या पहिल्या घागरीची. आईने मला जळगावला फोन केला आणि एवढंच म्हणाली की आबांचं बोट उंबऱ्यावर लेकीच्या हाताने लागलं पाहिजे. मी म्हटलं, यंदा मी स्वतः जातो अक्काला आणायला. आई म्हणाली, बरं. मला तेव्हा फार मोठेपणा वाटला. खरं कारण मात्र मला आतून माहीत होतं. मला विजेची गाडी सोनगीरपर्यंत न्यायची होती. दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, दाखवायची होती. आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये परत येऊन सांगायचं होतं की इथून सोनगीर, सोनगीरहून बोदवड, कुठे बंद पडली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. बेत सरळ होता. अकरापर्यंत सोनगीर, तिथे जेवण, गाडी तीन-चार तास घरच्या प्लगवर, संध्याकाळी अक्काला घेऊन गाव. जाताना पारोळ्याला चहाला थांबलो आणि सहज म्हणून चार्जर बघायला गेलो. डब्याचा पडदा काळा. वायरीवर धूळ, तोंडाशी कोळ्याचं जाळं. हॉटेलच्या गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "होळीपासून बंद आहे, सर. दुरुस्तीवाला आज संध्याकाळी येतो म्हणाला आहे." ॲपमध्ये हिरवा ठिपका. मी हेल्पलाइनला फोन लावला. एक गोड मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे स्टेशन चालू दिसत आहे." मी म्हटलं, बाई, मी त्याच्यासमोर उभा आहे. ती म्हणाली, "आपण दिलेल्या माहितीबद्दल धन्यवाद." एवढ्या रागात मी पुढे निघालो, पण मनात नोंद करून ठेवली की संध्याकाळी दुरुस्त होणार आहे.

सोनगीरला पोचलो तेव्हा गाडीत बेचाळीस टक्के होते. अक्का ओट्यावर उभी होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मुऱ्हाळ्याला करतात तसं सगळं केलं. मी तिला म्हटलं, आधी गाडीचं बघू दे. तिने मांडलेल्या पाटाकडे न बघता मी वायर घेऊन प्लग शोधत घरभर फिरलो. गाडीच्या वायरीवर एक डबी असते. घराला अर्थिंग नसेल तर तिच्यावर लाल दिवा लागतो. लाल लागलाच. मग मी दाजींकडे पहार मागितली, मोरीच्या कडेला लोखंडी सळई ठोकली, खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं, वायर बांधली. दिवा हिरवा झाला. दाजी बघत राहिले. आजूबाजूची चार माणसं जमली. "किती पळते?" मी सांगितलं, तीनशे. हो, मीच सांगितलं.

मग जेवण. मांडे, आमरस, कुरडया, कढी, आणि नको नको म्हणताना ताटात पडणारं तूप. मुऱ्हाळ्याने पोट फुटेपर्यंत खायचं असतं, नाहीतर लेकीच्या सासरची अब्रू जाते. जेवून मी ओसरीत आडवा झालो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अक्काने कूलरमध्ये पाणी ओतलेलं मला आठवतं. साडेचारला जाग आली तेव्हा अंगावर गार वारा येत होता आणि मला फार छान वाटलं. उठून गाडीजवळ गेलो. सेहेचाळीस टक्के.

वायरीचं टोक भिंतीजवळ खाली पडलं होतं. त्या प्लगमध्ये कूलरची पिन होती.

मी ओरडलो. कुणी काढली म्हणून ओरडलो. अक्का आतून पदराला हात पुसत आली. तिचा चेहरा अजून हसराच होता, तिला कळलंच नव्हतं. "मी काढी. तू घामे घाम व्हयेल व्हता. कूलरना पंखा फिरेच ना, तुनी गाडी बठ्ठी लाईट खाई टाके. गाडी तं उभीच व्हती, भाऊ. तू झोपेल व्हता."

दुपारी साऱ्या गावाचे पंखे-कूलर चालू असताना खेड्यात व्होल्टेज पडतं. त्यात माझी गाडी एकटी दहा कूलरांएवढी वीज ओढते. कूलर रडत फिरत होता आणि भाऊ घामाने भिजला होता. तिने गाडी काढली आणि भावाला वारा लावला. यात न समजण्यासारखं काय आहे? हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी दाजींच्या देखत, ओरडा ऐकून परत जमलेल्या त्या चार माणसांच्या देखत, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या बहिणीला म्हणालो, "तुला अक्कल आहे का? उद्या आबांची घागर चुकली तर ती तुझ्यामुळे चुकेल."

तिचं हसू गेलं. ती आत गेली आणि सांजोऱ्यांचा डबा बांधायला लागली.

मी पिन परत लावली आणि अर्ध्या तासात लाइट गेली. उन्हाळ्यात जाते तशी, कुणाला न विचारता. आता येईल, मग येईल म्हणत मुक्कामच पडला, आणि ती रात्रभर येत-जात राहिली. सकाळी सहाला बावन्न टक्के. दाजी म्हणाले, माझा ट्रॅक्टर आहे, धुळ्यापर्यंत सोडू का? ते मनापासून म्हणाले असतील, पण मला तो टोमणाच वाटला. "काही गरज नाही," मी म्हटलं, आणि आम्ही निघालो.

अक्का पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसली. डब्यावर सोनगीरच्या तांबटाकडून घेतलेला नवा तांब्या. आबांना तांब्याच्या भांड्यातलं पाणी आवडायचं म्हणून तिने घागरीपुढे ठेवायला घेतला होता. मी एसी लावला नाही, टक्के वाचवायला. खिडक्या उघड्या. ती एकदाही गरम होतं म्हणाली नाही.

धुळ्यात चार्जर चालू होता. एक गाडी लागली होती आणि दुसरी तिच्या मागे नंबर लावून उभी. म्हणजे माझा नंबर यायला दीड-पावणेदोन तास, मग माझं चार्जिंग. थांबलो असतो तरी बारा-साडेबाराच्या आसपास गाव गाठलं असतं. ओढूनताणून, पण गाठलं असतं. मी ॲप उघडलं. पारोळ्याला हिरवा ठिपका. हेल्पलाइनला विचारलं. "हो सर, चालू आहे." काल तोच ठिपका, तीच हेल्पलाइन, आणि डब्याच्या तोंडाला कोळ्याचं जाळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मला वाटलं, संध्याकाळी दुरुस्तीवाला आला असेल. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि मोबाइलात दिसलेलं खरं, अशी आमची शिकली-सवरलेली जात झाली आहे. माझ्या वर्गातल्या पोराने टेस्टर न लावता वायर मेलेली समजून हात लावला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

साडेआठला पारोळ्याला पोचलो. चोवीस टक्के. कडुलिंब तिथेच, डबा तिथेच, जाळं तिथेच.

मी गाडीतून उतरून त्या डब्याला लाथ मारली. खरंच मारली, चपलेचा अंगठा तुटला. गल्ल्यावरचा माणूस धावत आला. त्याची चूक काहीच नव्हती, तरी मी त्याला झापलं. दुरुस्तीवाला आलाच नव्हता. हेल्पलाइनवर आज दुसरी मुलगी होती, तिने माझी तक्रार नोंदवून घेतली आणि शुभ दिवस म्हणाली. शेवटी हॉटेलवाल्याने दया येऊन स्वयंपाकघरातला मोठ्या मिक्सरचा प्लग दिला. त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी भरते. हिशोब केला, जळगाव गाठण्यापुरतं व्हायला चार तास.

तेव्हा अक्का गाडीतून उतरली. डबा काखेत, तांब्या हातात. आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. "भाऊ, गाडी राहू दे आठे. चाल, एस.टी.मा जाऊत."

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. नऊच्या बसने पावणेअकराला जळगाव, तिथून बोदवडकडे जाणारं जे मिळेल ते. साडेबाराला उंबऱ्यावर असतो. गाडीची चावी हॉटेलवाल्याकडे ठेवायची, दुसऱ्या दिवशी येऊन न्यायची. जगबुडी होणार नव्हती. पण मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, मी एस.टी.च्या लाल डब्यातून गावात उतरतोय आणि कुणीतरी विचारतंय, गाडी कुठे ठेवली? आणि मग ती गोष्ट जळगावच्या पार्किंगपर्यंत जातेय. नाकापेक्षा मोती जड तो हा असा. मी म्हटलं, "गाडी टाकून जायला मी काय वेडा आहे का? तुला घाई असेल तर तू जा बसने. बसवून देतो."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "एकटीनंच जावानं व्हतं तं इतला साल वाट कसाले दखी?"

आणि ती झाडाखालच्या बाजेवर बसली. डबा मांडीवर, तांब्या डब्यावर.

चार तासांत धुळ्याकडून जळगावकडे किती एस.टी. गेल्या ते मला पाठ आहे, कारण प्रत्येकीकडे तिने मान वळवून पाहिलं. अकरा गेल्या. सव्वाअकराला बायकोचा फोन आला, ती आईच्या मदतीला आधीच गावी गेली होती. घागर मांडली आहे, कुठवर आलात? मी म्हटलं, एरंडोल सोडलं. खोटं. बाराला परत फोन. आई पाण्याचा घोटही घेत नाही, अक्का आल्याशिवाय आबांचं बोट लावणार नाही म्हणते. मी म्हटलं, जळगावच्या वेशीवर आहे, आलोच. हेही खोटं. ज्या हेल्पलाइनला मी सकाळपासून खोटारडी म्हणत होतो तिच्यात आणि माझ्यात आता काय फरक उरला होता? तिच्याकडे निदान हिरवा ठिपका होता. अक्का बाजेवरून सगळं ऐकत होती. तिने मला खोडून काढलं नाही. तांब्यात हॉटेलातल्या माठाचं पाणी भरून आणलं आणि मला प्यायला दिलं. आबांसाठी आणलेल्या नव्या तांब्यातलं पहिलं पाणी मी प्यालो, आणि तेही लक्षात आलं ते पिऊन झाल्यावर.

आम्ही गावात शिरलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. जळगावात चांगल्या चार्जरवर पाऊण तास थांबावं लागलं. तो मात्र ठणठणीत चालू होता. एकदाचा चालू चार्जर मिळाला आणि त्याचाही मला संताप आला.

आई दारातच बसली होती, आबा बसायचे त्याच जागी. ऐंशी वर्षांची बाई, चव्वेचाळीसच्या उन्हात, सकाळपासून पाण्याशिवाय. ओठ पांढरे पडले होते. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओळीने उमटवलेली होती. माझ्या आजोबांचं, आजीचं, काकांचं. वाळून काळपट झाली होती. ओळीच्या शेवटी एका बोटाएवढी जागा मोकळी. चुलीतला विस्तव बायकोने चार वेळा फुंकून जागा ठेवला होता.

आईने मला काही विचारलं नाही. अक्काला म्हणाली, "आली का व बाई? ये. आधी पानी पे." स्वतःच्या घशाला कोरड पडलेली आणि पाणी लेकीला.

अक्काने पाणी घेतलं नाही. हात धुतले, कुंकवात बोट बुडवलं आणि त्या मोकळ्या जागेवर ठेवलं. आबांचं नाव घेतलं. बोट तिने लगेच उचललं नाही, बराच वेळ तसंच दाबून धरलं. मग चुलीतल्या विस्तवावर घास टाकला. धूर झाला. त्यानंतर आई जेवायला बसली, आणि दोन घासांनंतर तिला जेवण जाईना. एवढ्या उशिरा जात नाही म्हातारपणी. तिने ताट बाजूला सारलं आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि मोबाइलवर कंपनीला तक्रार लिहायला घेतली. पहिलं वाक्य लिहिलं, तुमच्या बंद चार्जरमुळे माझी म्हातारी आई संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. ते वाचलं. मग नऊची एस.टी. आठवली, साडेनऊची आठवली, अकराच्या अकरा आठवल्या. ती तक्रार अजून तशीच आहे, पाठवली नाही. चार्जर बंद होता हे खरं आहे आणि त्याची लाज त्यांना वाटली पाहिजे, हेही खरं आहे. पण ते वाक्य खरं नाही.

थोड्या वेळाने अक्का बाहेर आली. मी काच खाली केली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटत होतं, एकदाचं तिने मला झोडपून काढावं. ती खिडकीशी वाकली आणि सोनगीरच्या ओट्यावर म्हणाली असती त्याच आवाजात म्हणाली, "भाऊ, पुढला साल लाल डब्बामा ये." मग घराकडे वळता वळता, "पन ये."